चावी घेतली, आता पिशवीही घ्या

सोलापुरात औषधं घरपोच देणारा यल्लप्पा सिग्नलला थांबला होता. मागच्या मोठ्या गाडीतून एक साहेब तणतणत उतरले.

"माझ्यापुढे गाडी घालतोस? पाया पड, मगच ही मिळेल!" म्हणत त्यांनी स्कूटरची चावीच काढून घेतली.

यल्लप्पाच्या पिशवीत एका आजींचं इन्सुलिन होतं आणि त्यासाठी त्या जेवायच्या थांबल्या होत्या. त्यानं सरळ पिशवी साहेबांच्या हातात दिली.

"चावी तुमच्याकडं, तर काम बी तुमचंच साहेब. आजी उपाशी बसल्यात. चौथा मजला, लिफ्ट बंद हाय. त्यास्नी कमी ऐकू येतं, पण तुमचा आवाज खालूनच पोचंल."

सिग्नलवरची माणसं खो खो हसली. साहेबांनी पिशवी आणि चावी परत केली. दहा मिनिटांत आजी जेवायला बसल्या.