कॉलिन्सच्या आजाची घागर

या, असे सावलीत या. चपला तिकडे काढा आणि बांधावर जपून चढा, शेवाळ सुकलेलं दिसलं तरी पाय घसरतो. ही घागर पाहून थांबलात ना? वर छोटं डेरगं, म्हणजे लहानसं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबा. आणि त्या कोपऱ्यातल्या कोरलेल्या दगडाचा फोटो तर काढून झालाच असेल. सगळे आधी तोच काढतात. दगडावर इंग्रजीत कॉलिन्स लिहिलंय, गावात कुणालाही विचारा, घागरही कॉलिन्सचीच म्हणून सांगतील. मग शिकलेली माणसं दोन्ही एकत्र जोडतात आणि मोकळी होतात. अहो, तिथंच तर चुकतं! दगड एका कॉलिन्सचा, घागर दुसऱ्याची.

मी सुपडाबाई. माझं माहेर याच गावात, सासरही याच गावात, त्यामुळे ही हकीगत मी दोन्ही घरी ऐकली आहे आणि दोन्हीकडची सारखीच निघाली. म्हणून मी खरी मानते. तुम्ही नाही मानलीत तरी चालेल, फक्त मधे मधे बोलू नका. माझा मग धागा तुटतो.

आज आखाजी, तुम्ही अक्षय तृतीया म्हणता ती. आम्हा खानदेशातल्या लोकांची दिवाळी म्हणा ना. आज घरोघरी पितरांची घागर भरतात. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पाणी ओततात आणि चुलीत घास टाकतात. उन्हाळ्याचे दिवस, गेलेली माणसं म्हणे तहानेली येतात. ज्याचं नाव कुणी घेतलं तो पिऊन जातो. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो उंबऱ्यावरून परततो.

तर गोऱ्यांच्या राज्यात एकदा पांझरेला मोठा पूर आला आणि हा बांध मधोमध फुटला, असं सांगतात. बांधातून पाट निघतो आणि पाटाखाली गावाची सगळी सलग जमीन भिजते. तिला आम्ही फड म्हणतो. बांध गेला तसा फड कोरडा पडला. ऊस गेला, गहू गेला, लोकांनी बैल विकायला काढले. मग सरकारनं दुरुस्ती मनावर घेतली. जिल्ह्याचा मोठा साहेब घोड्यावर बसून आला, तो कॉलिन्स. जातीचा इंग्रज. त्यानं तंबूत चहा घेतला, काठीनं इथं तिथं दाखवलं आणि गेला. कामावर देखरेखीला जो माणूस ठेवला, त्याचंही आडनाव कॉलिन्सच. पण तो आयर्लंडचा, आधी पलटणीत शिपाई होता. दोघांचं नातं काही नाही. गावानं मोठा कॉलिन्स आणि धाकला कॉलिन्स अशी वाटणी करून टाकली.

धाकला भलता तापट. मान उन्हानं लाल, तोंडात पलटणीतली मोडकी हिंदुस्थानी आणि त्यातल्या निम्म्या शिव्या. पण दगड उचलायला स्वतः हात लावायचा आणि मजुरांच्या भाकरीतली भाकरी खायचा. म्हणून त्याच्या शिव्या कुणी मनावर घेत नसे.

आखाजीचा दिवस उजाडला आणि कामावर एक माणूस फिरकला नाही. बांधाचं तोंड उघडं, पावसाळा जवळ आलेला. धाकला तणतणत गावात आला. गावाच्या तोंडाशीच पहिलं घर होतं केवळबाईचं. केवळबाई म्हातारी, विधवा, मूल ना बाळ. घागर भरायला घरात पुरुष नव्हता, तर ती आपली स्वतःच नवऱ्याच्या नावानं भरत बसली होती. हा दारात उभा राहून ओरडला. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, पाणी ओतलं आणि मग म्हणाली, "ओरडू नको रे भाऊ. ते पिताहेत अजून."

काय चाललंय हे तिनं त्याला हातवारे करून समजावलं. ते कळलं आणि तो तापट माणूस मटकन ओट्यावर बसला, म्हणे.

त्याच्या मुलखात बटाटा हीच भाकर होती. एका वर्षी ती जमिनीतच सडली, दुसऱ्या वर्षीही सडली. माणसं रस्त्याच्या कडेला पडून मेली. त्याचा आजा, बाप, आई, बहिणी सगळे त्यातच गेले. नाव घेऊन मूठभर माती टाकायलाही कुणी उरलं नव्हतं. तो एकटा वाचला आणि पोटासाठी पलटणीत शिरला. हे सगळं त्यानं त्या मोडक्या भाषेत सांगितलं आणि विचारलं, "माई, मी भरू का घागर?"

केवळबाई म्हणाली, "भर की. नाव काय तुझ्या आजाचं?"

"कॉलिन्स."

"ते तर तुझ्या साहेबाचं आहे. त्याच्या पितरांना पाजायला त्याची पोरंबाळं असतील."

आता ऐका, हे मला फार आवडतं. तो म्हणाला, माई, ऐकायला एक असलं तरी कूळ एक नाही. इंग्रजांकडे म्हणे निकोलस नावाच्या माणसाला लाडानं कोल म्हणत, कोलचं आणखी लाडानं कॉलिन झालं, आणि त्या कॉलिनचे वंशज ते कॉलिन्स. आपल्याकडे रामचंद्राचा रामा आणि रामाचा राम्या होतो, तसलाच प्रकार. ह्याचं कूळ वेगळं. ह्यांच्या जुन्या नावाचा अर्थ शिकारी कुत्र्याचं पिल्लू. हसू नका! आपल्याकडे वाघ आहेत, कोल्हे आहेत, लांडगे आहेत, ते चालतात ना तुम्हाला? त्यांच्यात तसं म्हणणं शूरपणाचं होतं. आणि त्या नावाच्या आधी एक 'ओ' लावायचे. ओ म्हणजे त्यांच्या भाषेत नातू. अमक्याचा नातू म्हणून मिरवणारं ते आडनाव. पुढं त्यांच्या मुलखावरही इंग्रजांचं राज्य आलं. जुन्या नावाला काम मिळेना, साहेबाच्या जिभेला ते वळेना. मग कुणी आपणच होऊन, कुणी भीतीनं तो ओ टाकून दिला, आणि उरलेलं नाव इंग्रजांच्या कॉलिन्समध्ये बसवून घेतलं. म्हणजे बघा, आडनावातला नातूच गेला.

केवळबाईनं त्याला बसायला पाट दिला, तांब्या दिला. त्यानं आजाचं नाव घेतलं, ओ लावून घेतलं, आणि पाणी ओतताना लहान पोरासारखा रडला. म्हातारीनं त्याला पोटभर रडू दिलं. मग विचारलं, "आणि बाबा, तू गेल्यावर?"

त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. तो म्हणाला, "माझ्यानंतर कोणी नाही. हे नाव माझ्यापाशी संपलं." ती म्हणाली, "मी आहे तोवर भरीन मी. पण मी किती दिवसांची? माझीच कोण भरणार ते मला ठाऊक नाही." एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर आले, आणि त्यानंतर धाकला कॉलिन्स असा झपाटला की जेवणाचीही शुद्ध नसायची. पाऊस लागायच्या आत बांधाचं तोंड बांधून झालं. पूर आला, बांधावर आपटला आणि गुपचूप वरून निघून गेला. पाट भरून वाहायची तयारी झाली.

मोठा साहेब आला, त्याच्या नावाचा दगड बसवला, तोच हा. आणि धाकल्याला हुकूम आला, दूर कुठं रस्त्याच्या कामावर निघ. निघायच्या दिवशी सगळा गाव इथं बांधावर जमला. फडाचा हवालदार, म्हणजे कुणाला कधी पाणी द्यायचं ते बघणारा माणूस, तेव्हा झुलाल आप्पा होता. पांढऱ्याशुभ्र मिशा, गावात त्याच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आमचं गाव राखलंत. काय हवं ते मागा."

धाकला म्हणाला, "दर आखाजीला या पाण्याची एक घागर माझ्या आजासाठी भरा. मी मेलो की माझ्यासाठीही."

झुलाल आप्पाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पागोटं मागा, बैलजोडी मागा. पितर नका मागू." त्याचंही अगदीच चुकीचं होतं असं नाही हं. जो घागर भरतो तो त्या पितराचा नातू होतो. परमुलखातला, परधर्मातला माणूस. त्याचं नातूपण एका घरानं जन्मोजन्म गळ्यात बांधून घ्यायचं, आणि मग स्वतःच्या पितरांना काय वाटेल? हवालदारानं सगळ्यांकडे पाहिलं. कोणतंच घर पुढं आलं नाही. धाकल्या कॉलिन्सनं मान हलवली, म्हणाला, "ठीक आहे," आणि आपलं बोचकं उचललं.

तेव्हा गर्दीतून केवळबाई पुढं आली, सांगतात. डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं, "झुलाल, हे पाणी आता कसं घेणार तुम्ही?"

"कसं म्हणजे? पाळीनं. पहिलं पाणी एका वर्षी एका घराचं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचं. नेहमीसारखं."

"मग नातूपण पण पाळीनं घ्या की रे मेल्यांनो! ज्याचं पहिलं पाणी, तो त्या वर्षी ह्याचा नातू. एका घरावर भार नको, कुणाची सुटका नको. पाणी घ्यायला सगळे आणि पाजायला कुणीच नाही, असं कसं चालेल?"

म्हातारीनं त्यांच्याच रीतीत त्यांना धरलं होतं. एक जण हळूच म्हणाला, बाई बरोबर बोलतेय. दुसरा म्हणाला, बरोबर आहे. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यंदाची पहिली पाळी खुद्द झुलाल आप्पाच्याच घराची आहे. अख्खा बांध खो खो हसला. झुलाल आप्पा रागानं लाल झाला, मिशा थरथरल्या, वाटलं आता काठीच उचलतो. पण त्यानं काठी खाली ठेवली. धोतर वर खोचलं, पाण्यात उतरला, घागर भरून आणली आणि इथं, बरोबर या जागेवर टेकवली. मग त्या नातवंडं असलेल्या म्हाताऱ्यानं, आपल्या मुलाच्या वयाच्या गोऱ्या माणसाच्या आजाला, फडाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ कॉलिन्स! या, पाणी प्या!"

ओ आधी लावला, बरं का. विसरला नाही.

धाकल्या कॉलिन्सनं वाकून झुलाल आप्पाचे पाय धरले. आप्पानं त्याला उठवलं आणि म्हणाला, "उलटं करू नका साहेब, आज नातू मी आहे." मग पाट सोडला. धाकला गेला तो पुन्हा कधी दिसला नाही. कुठं वारला, कुणी मूठमाती दिली, काही कळलं नाही. पण इथून जाताना तो हसत गेला, असं माझ्या सासूची सासू सांगायची.

पुढं केवळबाई गेली. त्या आखाजीला ज्यांची पाळी होती त्यांनी कुणी न सांगताच तिच्या नावाची दुसरी घागर भरून ह्या घागरीशेजारी ठेवली. मग वाटेत तापानं गेलेला एक कासार आला, लग्नाआधीच गेलेली एक लेक आली. ज्यांचं कुणी नाही त्यांची नावं बांधावर यायला लागली.

आजही पहिल्या पाण्याची पाळी ज्याची, तो आखाजीला कॉलिन्सचा नातू होतो. वर्षभर पोरंही त्याला तसंच चिडवतात. यंदा पाळी माझी आहे. हो, माझी! मलाही मूलबाळ नाही. माझा माणूस गेला तेव्हा दर आखाजीला मला एकच घोर लागायचा, की माझ्यामागं आम्हा दोघांना कोण हाक मारणार. आता नाही लागत. हवालदाराला सांगून ठेवलंय, आमची दोघांची नावं ह्या रांगेत घ्या म्हणून. तो म्हणतो, माय, आधी मरा तर खऱ्या. मेला फार बोलतो.

चला, ऊन चढलं. मला हाका मारून घेऊ द्या. आणि तुम्ही मघापासून घागरीकडे बघताय, बाई, तुमच्या मनात कुणाचं तरी नाव आहे. सांगा ना. पाणी पुष्कळ आहे, तांब्या माझ्या हातातच आहे. काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा, त्या आखाजीच्या झोक्यावरच्या पोरींच्या गाण्यांत मला ऐकू येत नाही.