खंड्याची हद्दपारी

भिवपूर संस्थानात कारभारी त्रिंबकपंतांच्या शिकारी कुत्र्याने, वाघ्याने, टपालवाल्याच्या पोटरीचा लचका तोडला. पंतांनी दोष जातीवर ढकलला आणि दवंडी पिटवली, की कारवान जातीचं प्रत्येक कुत्रं तीन दिवसांत हद्दपार!

धोंडाई परटिणीचा खंड्या त्याच जातीचा. सात वर्षं तो घाटावर लोकांचे कपडे राखत होता, पण कुणाला साधा ओरखडाही नाही. तिने दोन दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. तिसऱ्या दिवशी खंड्याला घेऊन ती राजेसाहेबांपुढे उभी राहिली.

"जातच कडू," पंत गरजले. "चावणं रक्तातच असतं!"

धोंडाईने दमल्या आवाजात विचारलं, "कारभारीसाहेब, तुमच्या वाघ्याची आई कोण?"

"आमच्याच वाड्यातली कुत्री."

"आन् माझ्या खंड्याची?"

पंत चुळबुळले. "तीच. एका वेताची पिल्लं. तुला आम्हीच दिलं होतं."

"म्हंजी रगत एक, दूध एक. म्या ह्याला येळेवर भाकर घातली, चार माणसांत हिंडवला. तुमी वाघ्याला तिखट व्हावा म्हणून अर्धपोटी उन्हात बांधला. सरकार, जात बघू नका, हात बघा."

राजेसाहेबांनी दवंडी मागे घेतली. वाघ्याला रोज खाऊ घालून फिरवण्याचं काम पंतांनी स्वतः करावं, असा हुकूम सुटला.

धोंडाई बाहेर येऊन पायरीवरच बसली. तिने खंड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ऊठ बाबा, तीन दिसांचं धुणं पडलंय."