राखेतली पावलं

"मग खातंय कोण?" सावळामायनं विचारलं.

काळोखे मास्तर आपली डावी टाच चोळत राहिले.

तीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवलेला माणूस. एका शिट्टीत पाचशे पोरं सरळ उभी करायचा. आणि आज डाव्या टाचेचं जुनं दुखणं सांभाळत, चवड्यावर पाय टाकत, डोंगरावरच्या नाथांच्या मठात येऊन एका म्हाताऱ्या जोगिणीपुढं बसला होता. लाजेनं जीव अर्धा झाला होता बिचाऱ्याचा. वजन मात्र तसूभर उतरलं नव्हतं.

"मी असल्या गोष्टी मानत नाही," मास्तर अखेर म्हणाले. "पण घरात काहीतरी आहे, माय. शेंगदाण्यांचा डबा भरून ठेवतो, चार दिवसांत रिकामा. गुळाची ढेप कुरतडल्यासारखी होते. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी लेक, शालन. ती तर अंथरुणाला खिळलेली."

"काय झालंय तिला?"

"दोन्ही किडन्या गेल्यात. माझी जुळतेय. डॉक्टर म्हणाले, आधी दहा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. चार महिने झाले. सकाळी पाच किलोमीटर चालतो. दुपारी एक भाकरी, रात्री नुसतं वरण. आणि काटा... दोन किलो वर गेलाय. तिच्याकडे आता फार दिवस नाहीत. कुणीतरी करणी केलीय माझ्यावर. दुसरं काय असणार?"

"लेकीच्या ताटात उरतं, ते?"

"ते मीच संपवतो. अन्न टाकायचं का? पण ते काय जेवण झालं?"

"आणि च्या?"

"चहा तर चहाच असतो, माय!"

माय हसली नाही. ती हसली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"लेकीला काही दिसतं का रे घरात?"

"दिसत नाही. ऐकू येतं. डब्याचं झाकण वाजतं म्हणते. आतून हाक मारते, ‘बाबा, कोण आहे?’ मी म्हणतो, कोणी नाही गं, पड तू."

"तवा तू कुठं असतोस?"

"मी... असतो की. घरातच."

माय उठली. धुनीतली गार राख तिनं सुपात भरली आणि मास्तरांना मागच्या खोलीत नेलं. एका भिंतीशी घोंगडी टाकून दिली. समोरच्या भिंतीतल्या देवळीत भाजलेल्या शेंगदाण्यांची परडी ठेवली, शेजारी गुळाचा खडा. मधल्या सगळ्या जमिनीवर दारापर्यंत राख पसरली.

मास्तरांच्या बायकोच्या दहाव्याला त्यांच्या घरी असंच पीठ पसरलं होतं. गेलेलं माणूस कुठल्या पावलांनी येऊन जातं ते बघायला.

"घोंगडीवरनं उठायचं नाही," माय म्हणाली. "परडीवर नजर ठेव. मी बाहेर हाय. काय इचारीन त्याचं उत्तर दे."

दार लागलं.

दुपार भणभणत होती. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी राखेवर पडली होती. मास्तर ताठ बसले. पहारा कसा द्यायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती!

दाराबाहेरून आवाज आला. "लेक लहानपणी कशी होती?"

मास्तर बोलायला लागले. शालन लेझीम कशी खेळायची, पावसात भिजून शाळेत कशी यायची... माय विचारत गेली, ते सांगत गेले. डायलिसिसचे दिवस. तिच्या हाताच्या फुगलेल्या शिरा. परवा ती म्हणाली होती, "बाबा, नाही जमलं तर राहू द्या."

उन्हं कलली तेव्हा दार उघडलं.

परडी निम्मी रिकामी होती. गूळ नव्हताच.

आणि राखेत पावलं उमटली होती. अनवाणी. देवळीकडे गेलेली, परत आलेली, पुन्हा गेलेली... दारापाशी मात्र एकही नव्हतं.

"कोण आलं होतं?" मास्तर किंचाळलेच. "अगं माय, डोळ्याला डोळा लागला नाही माझा! मी इथनं हललो नाही! शालनची शपथ..."

माय खाली वाकली. एका पावलाभोवती तिनं बोट फिरवलं. डावं पाऊल. चवडा खोल रुतलेला, टाच टेकलेलीच नाही.

मास्तरांनी आपला पाय उलटा करून बघितला. तळवा राखेनं पांढरा झाला होता.

दातात अडकलेलं काहीतरी जिभेला लागलं. त्यांनी ते बोटानं काढलं. शेंगदाण्याचं फोलपट.

"म्हणजे... मीच?" मास्तर पुटपुटले. मग एकदम सुटका झाल्यासारखे म्हणाले, "म्हणजे भूत नाही ना, माय?"

"भूत असतं तर बरं झालं असतं. उतरवलं असतं."

मास्तर घोंगडीवर कोसळून रडायला लागले. "माझ्याच हातानं मारतोय मी पोरीला... आणि मला पत्ता नाही! केव्हा उठलो मी? सांग ना, केव्हा उठलो?"

"मला काय दिसत होतं का बाबा? दार बंद होतं." मायनं केरसुणी घेतली. "पर लेकीचं दुखणं निघालं, की तुझा आवाज लांबनं, देवळीच्या भिंतीपासनं यायचा."

ती राख लोटू लागली. एकेक पाऊल पुसत गेली. शेवटचं, डावं, तेवढं राहू दिलं.

"आता काय करू?"

"घरी जा. दिवेलागणीच्या आत पोचशील."

"आणि आज पुन्हा..."

"झाकण वाजंल." मायनं दार उघडं धरलं. "लेक इचारंल, ‘कोण आहे?’..."

मास्तर उंबऱ्यावर थांबले.

"ओ दे."