माठवाल्याची नवी पिकअप

घाटमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक माठवाला राहत होता. माठ तो स्वतः घडवायचा नाही. माठ घडवायची गावातली कुंभारआळी. हा ते आपल्या पिकअपमध्ये भरून घाटाखालच्या बाजारात पोचवायचा. त्याच्या गाडीतून उतरलेला माठ कधी फुटका निघाला नव्हता, म्हणून आळीत त्याच्या शब्दाला मान होता.

गाडीला मात्र कुणी मान देत नसे. ती इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता यावर आळीत दोन तट होते. चढावर ती धापा टाकायची. तिचं दार आतून उघडायचंच नाही. खिडकीतून हात बाहेर काढून कडी ओढावी लागायची. माणसं हसायची. हसणारी बहुतेक माणसं पायी चालणारी होती, पण ते माठवाल्याच्या ध्यानात येत नसे.

एके दिवशी गावच्या वीटभट्टीवाल्याने नवी कोरी पिकअप आणली. तिला झेंडूची माळ घातली, सगळ्या गावाला पेढे वाटले. माठवाल्याच्या हातावर पेढा ठेवत तो म्हणाला, "काय मग, तुझा पेढा कधी?"

तो पेढा माठवाल्याच्या घशाखाली उतरला खरा, पण पोटात जाऊन टोचत राहिला.

"आपण नवी गाडी घेऊ," घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

"आहे तिला काय धाड भरलीय?"

"अगं, लोक हसतात."

"हसू देत की. हिला वर्षातून दोनदा मेस्त्री लागतो. नवीला दर महिन्याला हप्ता लागेल. मला विचाराल तर मेस्त्री परवडला."

पण त्याने तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो शोरूममध्ये जाऊन उभा राहिला. तिथला विक्रेता मोठा गोडबोल्या होता. त्याने गाडीच्या हौद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, ही दगड नेईल, सिमेंट नेईल, लोखंड नेईल. वाटेल तेवढं भरा, वाकायची नाही."

आजवर माठवाल्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो विरघळलाच. "आणि हप्ता?" त्याने जरा चाचरत विचारलं.

"हप्त्याची काळजी तुम्ही कशाला करता? तो गाडीच भरेल."

माठवाल्याने जुनी गाडी तिथेच मोडीत दिली आणि नवी घेऊन गावात आला. कुंभारआळीची कर्ती बाई होती अक्का. भट्टी तिच्या सांगण्यावरून लागायची आणि तिच्याच सांगण्यावरून विझायची. तिने गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. माठवाल्याने सगळ्या आळीला पेढे वाटले. वीटभट्टीवाल्याला मुद्दाम दोन दिले.

पहिली खेप मोठ्या झोकात निघाली. बाजारात पोचल्यावर त्याने हौद्याचा फाळका उघडला आणि पेंढा बाजूला केला. तळाचे माठ फुटले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खापऱ्या गोळा करून नाल्यात टाकल्या आणि त्या माठांची किंमत गुपचूप आपल्या खिशातून घातली. 'एखादा खड्डा जोरात बसला असेल,' त्याने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या खेपेला त्याने गाडी जपून चालवली, तरी माठ फुटले. तिसऱ्या खेपेला त्याने घाटात गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. गाडीचं ओझं चाकांवर पोलादी पाटे झेलतात. जुन्या गाडीचे पाटे झिजून मऊ पडलेले होते. खड्डा आला की तेच वाकायचे, वरच्या मालाला धक्का लागायचा नाही. नवीचे पाटे टणक होते. सिमेंटचं ओझं पडलं तरच ते दबणार. माठ दिसायला मोठा, पण आत पोकळ. त्याच्या वजनाला हे पाटे दाद देत नव्हते आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माठांना जाऊन भिडत होता.

हे आळीत जाऊन सांगायला हवं होतं. पण ज्या गाडीचे पेढे वाटले तिची नालस्ती कोणत्या तोंडाने करायची? माठवाल्याने वेगळीच शक्कल काढली. हौद्यात खाली वाळूची पोती घातली, त्यांवर पेंढा, पेंढ्यावर माठ. वाळूच्या वजनाने गाडी दबली आणि माठ शाबूत पोचले. माठवाला खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं की वाळूने जागा खाल्ल्यामुळे माठ कमी बसतात, आणि डिझेल जास्त जळतं. वाळू काही भाडं देत नव्हती. ती बापडी रोज फुकटात घाट उतरायची आणि फुकटातच चढायची.

"लोक ओझं न्यायचे पैसे घेतात," बायको म्हणाली. "तुम्ही ओझं न्यायचे पैसे देताय."

माठवाला भरल्या ताटावरून उठला. राग बायकोचा नव्हता, ती खरं बोलली याचा होता. एक हप्ता चुकला. बँकेतून फोन आला. दुसरा चुकला तर गाडी ओढून नेऊ, असं तिकडचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला.

अशातच अक्षय तृतीया आली. या सणाला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला माठ दान देतात, आणि तो नवाच लागतो. आदल्या दिवसापर्यंत माठाला सोन्याचा भाव. सण उलटला की त्या भावात त्याच माठाकडे कुणी बघत नाही. कुंभारआळीने त्या बाजारासाठी पार हिवाळ्यापासून भट्ट्या पेटवल्या होत्या. पुढचं वर्ष काढायचं ते त्याच माठांवर.

सणाला दोन दिवस उरले असताना अक्का म्हणाली, "माल पुष्कळ आहे भाऊ. एक खेप आज कर, एक उद्या कर. आम्ही एस.टी.ने पुढे जाऊन बाजारात जागा धरतो."

माठवाल्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. वाळू घेऊन दोन खेपा केल्या तर भाडं सगळं डिझेलमध्ये जाणार आणि हप्ता पुन्हा चुकणार. वाळू काढून टाकली तर सगळा माल एकाच खेपेत मावणार आणि हप्ता सुटणार. वाळूवाचून काय होतं ते आळीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. 'एवढे माठ एकत्र आले की त्यांचंच वजन होईल,' त्याने स्वतःला सांगितलं. ते त्याला पटलं नाही, तरी त्याने ते मान्य केलं.

"दोन कशाला, अक्का? एकाच खेपेत नेतो सगळे."

त्याने वाळूची पोती घरामागे उतरवली आणि हौदा काठोकाठ भरला.

घाट सुरू झाला. समोर खड्डा दिसला की तो दात घट्ट आवळायचा. गाडी मुंगीच्या चालीने चालली होती. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. एका बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "अरे, गाडी चालवतोयस का वरात काढलीस?" माठवाल्याने मान वर केली नाही. त्याचे कान मागे लागले होते. पण इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं आणि त्यानेच जास्त जीव जात होता.

अर्ध्या घाटात मोरीचं काम चाललं होतं आणि रस्ता उखडलेला होता. गाडी तिथे दाणकन आपटली. माठवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी कडेला घेऊन तो हौद्यावर चढला आणि वरचे माठ चाचपू लागला. सगळे अख्खे होते. 'अजून वेळ आहे,' त्याच्या मनात आलं. 'निम्मे इथे झाडाखाली उतरवू, गावातून वाळू आणू, दोन खेपा करू.' मग त्याला बँकेतला तो नम्र आवाज आठवला. तो खाली उतरला आणि गाडी पुढे काढली.

बाजारात पोचल्यावर कुंभारांनी माठ एकेक करून उतरवले. अगदी तळापर्यंत उतरवले. एक खापरी निघाली नाही! माठवाला गाडीला टेकून मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. 'उगाच घाबरलो,' तो स्वतःशीच म्हणाला आणि हप्ता भरायला जायच्या विचाराला लागला.

तेवढ्यात पहिली गिऱ्हाईक बाई आली. माठ घेणारी बाई नुसत्या डोळ्यांनी माठ घेत नाही, बोटाच्या पेराने वाजवून घेते. चांगला माठ खणखणतो. दिसणार नाही एवढा बारीक तडा असला, तरी आवाज बद्द येतो. बाईने एक माठ उचलला आणि वाजवला. बद्द. तिने तो ठेवून दुसरा घेतला. तोही बद्द.

"अगं बाई, हे तर गेलेले आहेत," ती सोबतिणीला म्हणाली आणि दोघी बाजारातल्याच दुसऱ्या गावच्या कुंभारांच्या दुकानाकडे वळल्या.

अक्काने स्वतः माठ वाजवायला घेतले. एक वाजवला, दुसरा वाजवला. तिचा चेहरा उतरत गेला. एकही माठ फुटला नव्हता आणि निम्म्याहून अधिक माठ कामातून गेले होते. एक म्हातारा कुंभार मातीकामाने राठ झालेल्या आपल्या हातांकडे पाहत म्हणाला, "यंदा भट्टीत काही चुकलं का गं आपलं?"

ते ऐकून माठवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात एक शेठ घाईघाईने आले. "पाणपोईसाठी माठ हवेत. हे या बाजूचे सगळे द्या. वाजवत बसायला वेळ नाही. पैसे रोख."

त्या बाजूला अक्काने वाजवून ठेवलेले बद्द माठच होते. कुणी काही बोललं नाही. एका तरण्या कुंभाराने तर माठ उचलायला हातही घातला. आत्ता गप्प राहिलं की आळीचे पैसे सुटणार होते, हप्ता सुटणार होता. माठ गळतील ते उद्या, आणि उद्या शेठ कुणाला शोधत येणार?

"शेठ, थांबा," माठवाला म्हणाला. "ते माठ गळतील."

"मग विकायला कशाला मांडलेत?"

"यांनी चांगलेच दिले होते. माझ्या गाडीत तडकले."

शेठ कपाळाला आठ्या घालून निघून गेले. अक्का सावकाश माठवाल्याकडे वळली.

"हे आजच झालं?"

"नाही अक्का. पहिल्याच खेपेला माठ फुटले होते."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

माठवाल्याने मान खाली घातली. "गाडी नवी होती, अक्का."

अक्काला रडू येत होतं आणि संतापही येत होता. "आमच्यापैकी कुणी मागितली होती का रे नवी गाडी?" एवढंच ती म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि खणखणणारे माठ वेगळे काढायला बसली. माठवालाही तिच्या समोर बसून माठ वाजवू लागला. प्रत्येक बद्द आवाज त्याला सोसावा लागला.

हप्ता चुकला. बँकेने गाडी ओढून नेण्याआधी माठवाल्याने ती बाजारातल्या सिमेंटवाल्याला विकून टाकली. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता, पण ती आता नवी राहिली नव्हती, म्हणून किंमत कमी आली. बँकेचं कसंबसं फिटलं. कुंभारांच्या माठांचं देणं तेवढं अंगावर राहिलं. ते फेडायला त्याने सिमेंटवाल्याकडेच ड्रायव्हरची नोकरी धरली. गाडी अर्थात तीच.

पहिल्या दिवशी सिमेंटची पोती भरून तो निघाला. गाडी दबून रस्त्यावर झकास बसली. उखडलेल्या रस्त्यावर, जिथे त्याचा जीव गोळा झाला होता, तिथूनही ती पोटातलं पाणी न हलवता पार झाली. गाडीत काहीच खोट नव्हती. शोरूममधला माणूसही खोटं बोलला नव्हता. दगड, सिमेंट, लोखंड, त्याने सगळं सांगितलं होतं. माठाचं विचारायचं काम माठवाल्याचं होतं. हे कळलं तेव्हा स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं, पण गाडी दुसऱ्याची होती.

तात्पर्य काय, तर गाडी किती ओझं नेते हे कुणीही सांगेल. आपलं ओझं कसलं आहे हे आपण आधी ओळखावं, आणि चूक झालीच तर पहिला माठ फुटतो तेव्हाच बोलावं.