सतरा एकांची संख्या

"म्हणजे ही संख्या फुटतच नाही, असं तुझं म्हणणं?"

"नाहीच फुटत, बुवा," गदाधर म्हणाला. "लिहून देतो."

गिरणाकाठच्या टेकडीवर विश्रामबुवांचा मठ होता. तिथं जप नव्हता, होमहवन नव्हतं. बुवा शिष्याला एक संख्या द्यायचे आणि म्हणायचे, हिला भागून बघ. गदाधराच्या वाट्याला आलेली संख्या दिसायला अगदी भोळी होती. ओळीनं सतरा वेळा एक.

नऊ वर्षं तो तिला धूळपाटीवर भागत होता आणि भाग काही जात नव्हता. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागू शकत नाही, एवढं बुवांनी कबूल केलं की तो आचार्य म्हणून गावी निघणार होता. गाठोडंसुद्धा बांधून दाराशी ठेवलं होतं. घाई म्हणजे किती!

"कुठवर पाहिलंस?" बुवांनी विचारलं.

"वीस लाखांपर्यंत. एकही मूळ संख्या सोडली नाही."

"तिथंच का थांबलास?"

गदाधर उखडला. "वीस लाख, बुवा! आणखी कुठवर जायचं माणसानं?"

"थकलास?"

"...थकलो."

"आणि ती?"



बुवांनी पाटी ओढली आणि धुळीत बोटानं लिहिलं, २०७१७२३.

"हिनं भाग."

मनातून तो धुमसत होता, पण हात सवयीनं चालू लागला. भाग, गुण, वजा कर. ओसरीवरची उन्हं अंगणात उतरली. शेवटची वजाबाकी झाली आणि खाली शून्य उरलं.

नऊ वर्षांत बाकीच्या जागी त्यानं शून्य पाहिलंच नव्हतं. ते ओळखायलाही त्याला एक क्षण लागला.

मग त्यानं हिशेब केला. वीस लाखांच्या पुढे जेमतेम एकाहत्तर हजार. त्याच्या चालीनं चारच महिने.

"आता उलट गुण," बुवा म्हणाले.

भागाकार आला होता ५३६३२२२३५७. दोन्ही संख्या ओबडधोबड, एकमेकींशी ना नातं ना गोतं. गदाधरानं गुणाकाराच्या ओळी मांडल्या आणि उजवीकडून बेरीज धरली.

एकं स्थानी एक. दहं स्थानी सात आणि चार, अकरा. एक लिहिला, हातचा एक. शतं स्थानी शून्य, एक, नऊ, हातचा धरून अकरा... पुन्हा एक. सहस्र स्थानी सात, सात, नऊ, सात आणि हातचा, एकतीस... पुन्हा एक!

प्रत्येक घरातली माणसं वेगळी, पण दाराबाहेर पडायचा तो एकच. लाख, कोटी, अब्ज... गदाधर लिहीत गेला. सतरावा एक लिहून झाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी..."

त्याला रागवायचं होतं. राग येईना.

"बुवा, हे असं कुणी मांडून ठेवलं असेल?"

 बुवांनी त्या रांगेच्या शेवटी आणखी दोन एक लिहिले. एकोणीस झाले. मग डोक्यावरचं उपरणं काढून त्यांनी पाटीपुढे कपाळ टेकलं. बुवांना कशापुढे वाकताना गदाधरानं आजवर पाहिलं नव्हतं.

"ही कशानं फुटते?" त्यानं हळूच विचारलं.

"ठाऊक नाही."

"फुटते तरी का?"

"तेही ठाऊक नाही."

...

गदाधर उठला. दाराशी जाऊन त्यानं गाठोडं आणलं, त्याची गाठ सोडली आणि आपली घोंगडी बुवांच्या घोंगडीशेजारी अंथरली.

"तुम्ही कुठवर पाहिलंत, बुवा?"

बुवांनी पाटीवर मूठभर नवी धूळ पसरली.

"आज सकाळपर्यंत."