राजकन्या इंदुलेची कोठी

"बरं झालं, सून आली. आता काही नाहीसं झालं की कुणाचं नाव घ्यायचं, ही चिंता मिटली."

हे राणी चंद्रकला राजा सुकेतूला सांगत होती. पडद्याआड विड्यांचं तबक घेऊन उभी असलेली सून वनमाला ते ऐकत होती. लग्नाला एकवीस दिवस झाले होते आणि युवराज स्वारीवर गेला होता. तिने तबक आत नेलं, वाकून नमस्कार केला आणि परत फिरली.

तर एका राज्यात, सात डोंगरांच्या आड, ही मंडळी नांदत होती. राजाराणीला उतारवयात झालेली एक मुलगी होती, इंदुला. वय सात. ती वस्तू उचलायची. माळिणीची कात्री, आचाऱ्याचा झारा, पाहुण्याची एकच वहाण. उचलायची आणि मागल्या बुरुजातल्या कोठीत नेऊन साठवायची. पण राजकन्या चोरते असं म्हणायचं कसं? म्हणून दर वेळी एखादी दासी नाहीतर चाकर पुढे केला जाई. तुळसा नावाच्या दासीला तीन वर्षांपूर्वी असंच हाकललं होतं. तिचा भाऊ भृगुंड निघाला मांत्रिक. तो दरबारात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मुलगी उचलील आणि आळ दुसऱ्यावर जाईल, तेव्हा तेव्हा तिचा एक शब्द कोठीत कोंडला जाईल आणि दारात एक चिरा चढेल."

तसंच होत गेलं. गवंड्यांनी तीनदा पहारी घातल्या. तीनदा भिंत आपोआप भरून आली. शेवटी दाराच्या जागी एक फट उरली आणि इंदुलेकडे तीन शब्द उरले: आई, नाही, भूक.

त्या आठवड्यात राणीची नथ गेली. भर दरबारात राणी म्हणाली, "सूनबाईंनी नेली असेल. माहेरी मोती पाहिले नसतील." मंडळी हसली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी इंदुलेने नुसतं ताटाकडे बोट दाखवलं.

सुनेला बोलायची मनाई होती, बघायची नव्हती. वनमाला बुरुजापाशी जाऊन बसली. तिथल्या वडाच्या ढोलीला मातीचं लिंपण होतं आणि एक धनेश पक्षी त्यातल्या फटीतून आत फळ देत होता.

"काय बघतेस?" धनेशाने विचारलं.

"ही भिंत फोडत का नाहीस?"

"आत माझी बायको आहे. वेळ झाली की ती आतून फोडते. बाहेरून फोडायची नसते. तुमच्या कोठीची भिंतही तशीच आहे. तीन वस्तू, तीन धनी. आतून मुलीने हाताने द्यायची, बाहेरून धन्याने हाताने घ्यायची."

नणंद सात वर्षांची असली तरी रीत ती रीत. वनमाला तिच्यापुढे बसली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, आत जाल का? मी इथून हलणार नाही."

इंदुला अंग चोरून फटीतून आत शिरली. वनमालेने बसल्या जागेवरून तिन्ही धन्यांना बोलावणं धाडलं.

पहिली माळीण आली. फटीतून कात्री आली, मागोमाग आवाज आला, "घे." माळिणीने कात्री घेतली. एक चिरा गळला.

दुसरा आचारी आला. झारा उलटापालटा करून म्हणाला, "हाच! याच्यापायी माझा भाचा गावाला धाडला ना!" आतून आवाज आला, "मी." दुसरा चिरा गळला.

शेवटी राणी आली खरी, मागोमाग राजा आणि दरबारही, पण ती चार पावलं दूर थांबली. फटीतून चिमुकला हात बाहेर आला. हातात नथ. "आई, घे. मी."

"सगळ्यांदेखत कशी घेऊ?" राणी पुटपुटली. "सुनेने नेली म्हणून सांगून झालंय."

फट आवळू लागली. मनगटाभोवती दगड घट्ट झाला आणि आत इंदुला रडू लागली. तेव्हा मात्र राणी धावली आणि हातासकट नथ मुठीत घेतली. भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. इंदुला धुळीतून बाहेर आली ती बोलतच, तीन वर्षांचं एका दमात.

राजाने डोळे पुसले. "दवंडी पिटा," तो म्हणाला, "की हे सगळं मांत्रिकानेच पळवलं होतं!"

पायाशी पडलेला एक चिरा हलला आणि दुसऱ्यावर चढून बसला. इंदुलेचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

वनमालेने पदर सावरला आणि ती पुढे झाली. ती जे बोलली ते ऐकून राजाने दवंडी थांबवली. चिरा उतरला तो कायमचा. तुळसेला पालखी पाठवून आणली, आचाऱ्याचा भाचा परत आला. इंदुला पुढेही अधूनमधून काही उचले, पण तिचा एक शब्दही पुन्हा हरवला नाही. वनमाला बोलली होती ते एवढंच:

"मामंजी, वन्संनीच घेतलं. पुन्हा काही गेलं तर दासीला बोलावू नका, वन्संना बोलवा. ज्याचं असेल त्याच्या दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत जाईन."