हाकेचा धोंडा

सावरदऱ्याला पहिल्यांदा येणारा पाहुणा एकदा तरी दचकतोच. दिवस मावळायला लागतो, चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना संपते, माणसं पायात चपला सरकवत बाहेर पडतात आणि घरी जायचं सोडून ओढ्याकाठच्या एका काळ्या धोंड्यापाशी गोळा होतात. पलीकडे नुसता उजाड माळ आहे. त्या माळाकडे तोंड करून सगळी मंडळी एकदम ओरडतात, "आहोत!" विचारलेलं कुणीच नसतं. मग जो तो आपल्या घराकडे वळतो.

पाहुण्याचा गोंधळलेला चेहरा बघून थोमाआबांना मात्र बरं वाटतं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढी गंमत तरी हवीच. ते धोंड्यावर बूड टेकतात, पाहुण्यालाही बसवतात आणि सांगायला लागतात. त्यांनी हे आजीकडून ऐकलं आणि आजीने तिच्या सासूकडून. तेव्हा सांगण्यात काही इकडचं तिकडं झालं असेल तर ते त्या सासूच्या माथी, असं ते आधीच सांगून मोकळे होतात.

गाठीच्या तापाची साथ आली तेव्हाची ही गोष्ट म्हणे. आधी आढ्यावरून उंदीर पडायचे आणि मग घरातली माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की माणूस तापाने बरळायला लागायचा आणि बघता बघता हाताबाहेर जायचा. चर्चच्या पंचांनी ठरवलं, की ज्याला गाठ येईल त्याने ओढ्यापलीकडे धनगरांनी सोडलेल्या मेंढरांच्या वाडग्यात जाऊन राहायचं. अलीकडच्यांनी सकाळी या धोंड्यावर भाकरीची टोपली आणि पाण्याची घागर ठेवायची आणि मागे न बघता परतायचं. पलीकडच्यांनी येऊन ती न्यायची.

राहेल नावाची बाई मात्र गाठ न येताच पलीकडे गेली. "त्यांच्या तोंडात पाणी कुणी घालायचं?" एवढंच तिने विचारलं आणि पदर खोचून ओढा ओलांडला. भीती कशाशी खातात हे तिला ठाऊकच नव्हतं. तिची धाकटी जाऊ शलोमी अगदी उलटी. पालीला भ्यायची, विहिरीला भ्यायची, आभाळ गडगडलं की कणगीमागे जाऊन बसायची. चर्चमध्ये उभं राहून वचन म्हणायची पाळी आली की तिची बोबडी वळायची. लोक तिला तोंडावर भित्री म्हणत आणि तीही निमूट ओ देई. तिन्हीसांजेला गोठ्याकडे जायचं झालं तर राहेलने दारात उभं राहायचं, हे लग्न होऊन आली तेव्हापासून ठरलेलं होतं. चार पावलं गेली की शलोमी विचारायची, "जाऊबाई, आहात का?" आणि दारातून उत्तर यायचं, "आहे गं, जा तू." राहेल त्याला कधी कंटाळली नाही. शलोमीचा तिच्यावर फार जीव होता.

घरचं माणूस पलीकडे म्हणून टोपली ठेवायचं काम शलोमीकडे आलं. धोंड्यावर टोपली आदळून ती पळत सुटायची. एके सकाळी ती आली तर कालची टोपली तशीच होती. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या, घागर काठोकाठ भरलेली होती. शलोमीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आता उद्यापासून इथे यायला नको, हे. आणि त्या विचाराची तिला इतकी शिसारी आली, की ती तिथेच मटकन खाली बसली.

गावात बातमी पोचली तेव्हा उपदेशक शिमोनबुवांनी पागोटं काढून मेलेल्यांसाठी प्रार्थना केली. उंदीर अलीकडे येण्याआधी वाडगं पेटवून द्यायचं ठरलं. उन्हं कलताना माणसं काकडे पेटवून ओढ्याशी आली. शलोमी सगळ्यांच्या मागे होती.

"राहेलबाई मेली हे कुणी बघितलंय का?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक होता, की तिला ते पुन्हा विचारावं लागलं.

"टोपली उचलली न्हाई, शलोमे," शिमोनबुवा म्हणाले. "आता बघायचं काय राह्यलंय?"

"उठता येत नसंल तर?"

माणसं बुवांकडे बघायला लागली. मग बुवाच म्हणाले, "बघायचं तर तिकडं जावं लागंल. कोण जातंय?" सगळ्यांनी माना खाली घातल्या, बुवांनीसुद्धा. कुणीतरी 'मी' म्हणेल म्हणून शलोमीने एकेका तोंडाकडे बघितलं. मग तीच पुढे आली आणि धोंड्याला धरून उभी राहिली.

"मला लई भ्या वाटतंय," ती मोठ्याने म्हणाली. "गाठीचं भ्या वाटतंय, मरणाचं वाटतंय. देवबापा, राहेलबाई मेलेली दिसली तर त्याचं सगळ्यात जास्त वाटतंय." आता तरी कुणी अडवेल म्हणून ती थांबली. कुणी अडवलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "मी हाक मारली तर ओ तरी द्याल का?"

"देऊ," बुवा म्हणाले.

ती पाण्यात उतरली. चार पावलांवर वळून तिने विचारलं, "आहात का?" मागून सगळे ओरडले, "आहोत!" पलीकडच्या काठावर पुन्हा तेच. बाभळींपाशी पुन्हा तेच. मग ती वाडग्याच्या काट्यांच्या कुंपणाआड गेली आणि हाक बंद झाली.

आत माश्यांचा घोंघाट होता. घोंगड्यांखाली माणसं होती आणि ती हलत नव्हती. पायाखाली काहीतरी मऊ आलं, तो मेलेला उंदीर होता. राहेल दाराच्या आत पालथी पडली होती. टोपलीसाठी सरपटत निघाली आणि तिथेच राहिली, हे मातीतल्या खुणांवरून कळत होतं. शलोमीला पळायचं होतं. ओरडायचं होतं, पण घशातून आवाज फुटेना. ओढ्याच्या अलीकडे माणसं म्हणायला लागली, तीही गेली, आता पेटवा. काकडे घेऊन ती ओढ्यात उतरलीसुद्धा. इतक्यात राहेलची बोटं मातीत हलली आणि कुंपणाआडून किंकाळी आली, "पेटवू नका! आहेत! दोघं-तिघं आहेत अजून!" आणि मग, सवयीने असेल, "आहात का?"

"आहोत!" ओढ्यात उभे असलेले ओरडले.

शलोमी परत आली नाही. टोपली-घागर तीच धोंड्यावरून न्यायला लागली. ती पाणी पाजायची, गाठी शेकायची, गेलेल्यांना ओढत नेऊन मूठमाती द्यायची आणि रडायची. भीती काही गेली नाही. रोज दिवस मावळताना ती कुंपणाशी येऊन विचारायची आणि गाव धोंड्याशी उभं राहून ओ द्यायचं. राहेल बरी झाली. एक म्हातारा धनगर, ज्याला त्याच्या माणसांनी सोडून दिलं होतं, तोही उठून बसला.

आणि एका संध्याकाळी हाक आली नाही.

गाव वाट बघत राहिलं. अंधार उतरू लागला तेव्हा शिमोनबुवा न विचारताच ओरडले, "आहोत!" पलीकडून काही नाही. मग म्हणे बुवांनी धोंड्याला हात लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मला भ्या वाटतंय," आणि ते पाण्यात उतरले. त्यांच्यामागे, एकमेकांचे हात घट्ट धरून, बाकीचे उतरले.

शलोमीचं डोकं राहेलच्या मांडीवर होतं. अंग तापाने फणफणलं होतं. पावलं वाजली तसे तिने डोळे उघडले.

"कोण आलंय, जाऊबाई?"

"सगळे आलेत गं."

"भ्याले असतील," शलोमी म्हणाली. पहाटे ती गेली. तिला गावात न आणता त्या माळावरच पुरलं. गाव मात्र तेव्हापासून वाडग्यात येत-जात राहिलं आणि पुढे साथ सरली तरी आजाऱ्याला एकटं टाकायची रीत सावरदऱ्यात परत कधी आली नाही.

एवढं सांगून थोमाआबा धोंड्यावरून उठतात. आजही गावातून कुणी आजाऱ्याच्या सेवेला, दवाखान्याच्या नोकरीला किंवा उपदेशाला निघालं, की त्याने या धोंड्याला हात लावून आपली भीती मोठ्याने सांगायची असते. मागे एक नवे पाळकसाहेब म्हणाले, मला कशाचीच भीती नाही. त्यांना चहासुद्धा न देता तिथे उभं ठेवलं होतं, खरं बोलेपर्यंत.

आणि आजही दिवस मावळला की गाव इथे येतं. पलीकडून हाक येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माळावर ती एकटी आहे, आणि तिला अंधाराची भीती वाटते.